सखाहरीचे खुणेचे शब्द

एका गावात एक भोळा कंपाउंडर होता. गावाचं नाव बोरटेंभी, त्याचं नाव सखाहरी. वय चाळीस. मनात कपट औषधाला नाही. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा, आणि तिथंच सगळा घोटाळा व्हायचा.

दवाखान्यात जुने कागद होते दोन हजार. एक दिवस खांडके डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सखाहरी, हे सगळे आता इंटरनेटवर चढवायचे. एकेका कागदाचा फोटो काढायचा आणि त्याला एक खुणेचा शब्द लिहायचा. मग तो शब्द टाकला की इथं काय, जिल्ह्याच्या डॉक्टरलासुद्धा कागद बसल्या जागी दिसतो."

"आणि मूळ कागद?"

"ते गठ्ठे जिल्ह्याच्या कचेरीत जमा करायचे. आणि हे बघ, तुझ्या आत्यासाठी तरी नीट कर."

आत्याचं नाव निघालं आणि सखाहरी सरळ उभा राहिला. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून चंद्रभागाआत्यानंच त्याला वाढवलं होतं. पंधरवड्यानं, गुरुवारी, जिल्ह्याच्या दवाखान्यात तिच्या पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. वीस वर्षांपूर्वी इथं बोरटेंभीच्याच दवाखान्यात एका इंजेक्शननं आत्या मरता मरता वाचली होती. कुठलं इंजेक्शन, ते जुन्या डॉक्टरांनी कागदावर लिहून ठेवलेलं. आत्याला विचारावं तर ती म्हणायची, "बाटली एवढीशी होती बाई, आणि झाकण लाल." जिल्ह्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, तो कागद बघितल्याशिवाय मी सुरी लावणार नाही.

"शब्द कुठला लिहू, बाई?"

"कागदावर जो ठळक असेल तो."

सखाहरीनं पाचशे कागदांचा पहिला गठ्ठा सोडला. सगळ्यात ठळक काय? वर छापलेलं दवाखान्याचं नाव. त्यानं पाचशे वेळा लिहिलं, 'बोरटेंभी दवाखाना'. बोटं सुजली, पण एक चुकला नाही.

बाईंनी तो शब्द टाकला. पाचशेच्या पाचशे कागद समोर आले.

"अरे देवा! सगळ्यांवर असतं ते काय कामाचं? ह्या कागदावर आहे आणि दुसऱ्या कशावर नाही, असं काहीतरी लिही."

"असं होय! आधी सांगायचं ना, बाई."

दुसऱ्या गठ्ठ्याला सखाहरीनं भिंग घेतलं. एकेक कागद उजेडात धरून पाहिला. मग लिहिलं, 'डाव्या अंगाला चहाचा डाग'. 'कोपरा उंदरानं खाल्ला'. 'टाचणी गंजलेली'. 'डास चिरडला आहे'. पाचशे कागद, पाचशे वेगळ्या खुणा. एकीसारखी दुसरी नाही.

बाईंनी टाकलं, 'मोतीबिंदू'. काही आलं नाही. 'हर्निया'. तेही नाही. मग त्यांनी खुणा वाचल्या आणि खुर्चीत बसल्या.

"सखाहरी, कागदाचं काय बघतोस? माणसाचं बघ! पेशंट दारात आला की तोंडानं काय सांगतो, ते लिही."

हे तर सोपं होतं. गावातल्या प्रत्येकाची बोली सखाहरीला पाठ. तिसऱ्या गठ्ठ्यावर त्यानं लिहिलं, 'आधी मला घ्या, एसटी चुकेल'. 'इंजेक्शन नको, गोळ्या द्या'. 'सून जेवायला देत नाही'. 'मला काही झालं नाही, हिनंच आणलंय'.

वाचून बाईंना हसावं की रडावं कळेना. गुरुवार चार दिवसांवर आलेला. मागचं निस्तरायला वेळ नव्हता.

"अरे बाबा, दहा माणसं दहा तऱ्हेनं बोलणार. कोणी शुगर म्हणतं, कोणी साखर, कोणी मधुमेह. आपण एकच शब्द ठरवायचा आणि शेवटपर्यंत तोच वापरायचा. कळलं?"

"कळलं."

सखाहरीनं दुपारभर विचार केला. असा शब्द हवा जो शेवटपर्यंत टिकेल. चारच्या चहाला तो सापडला. चौथ्या गठ्ठ्याच्या पाचशे कागदांवर त्यानं लिहिलं, 'दुखणं'. शेवटपर्यंत तोच वापरला.

गुरुवार उजाडला. आत्या जिल्ह्याला जाऊन पडलेली. साडेनवाला मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. "बाई, अकरापर्यंत कागद दिसला नाही तर आज ऑपरेशन होणार नाही. आणि खड्यांचं दुखणं वाढलंय, फार दिवस थांबताही येणार नाही."

मूळ गठ्ठे केव्हाच कचेरीच्या कुलपात गेलेले. बाई कंप्युटरला भिडल्या. 'चंद्रभागा' टाकलं. काही नाही. 'ॲलर्जी'. काही नाही. 'इंजेक्शन' टाकलं तर 'इंजेक्शन नको' म्हणणारे एकशे सत्तर लोक आले. बाई एकेक उघडून बघू लागल्या. दहा वाजले. साडेदहा वाजले. बाईंच्या कपाळावर घाम. सखाहरी दारात उभा, तोंड एवढंसं झालेलं.

"बाई, काय शोधताय?"

"तुझ्या आत्याचा कागद रे! दुसरं काय शोधणार?"

"मग 'मिशरीचं बोट' टाका की."

बाईंनी टाकलं. कागद चटकन समोर आला. कडेला आत्याच्या मिशरीच्या बोटाचा काळा ठसा, आणि मधोमध लाल शाईत लिहिलेलं, पेनिसिलिन देऊ नये. अकराला पाच कमी असताना तो मोठ्या डॉक्टरांना दिसला. ऑपरेशन झालं. आत्या शुद्धीवर आली ती "सख्या जेवला का?" विचारतच.

फोन ठेवून बाईंनी डोळे पुसले. "मेल्या, ठाऊक होतं तर बोलला का नाहीस?"

"तुम्ही कंप्युटरला विचारत होता. मध्ये कसं बोलायचं?"

"तुला सगळ्या कागदांच्या खुणा पाठ आहेत?"

"नाही बा. आत्याचं बोट तेवढं ओळखतो. तिच्या हातचंच खाल्लंय."

बाईंना त्याच्यावर रागावता येईना. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "सखाहरी, एवढं लक्षात ठेव. शोधणाऱ्याला ज्यानं कागद सापडतो, तोच शब्द खरा. आता सगळ्या कागदांचे शब्द त्या हिशेबानं बदल."

सखाहरीनं मान डोलावली. आठवडाभर तो मान वर न करता बसला. बाईंना वाटलं, चला, शहाणा झाला एकदाचा.

सोमवारी धोंडिबा सुतार खोकत आला. त्याचा छातीचा जुना रिपोर्ट हवा होता. बाईंनी 'दमा' टाकलं. नाही. 'खोकला'. नाही. 'चहाचा डाग' टाकून पाहिलं, तोही गेलेला. शेवटी त्यांनी कागदांची अख्खी यादीच उघडली. दोन हजार कागद, आणि दोन हजारांवर एकच शब्द लिहिलेला.

'सखाहरीला विचारा'.

"हे काय रे?"

"गुरुवारी कागद त्यानंच सापडला ना, बाई. जुनं सगळं पुसून टाकलं. उगाच गोंधळ नको."

बाईंनी मोठा श्वास घेतला. "बरं. मग विचारते तुला. धोंडिबाचा रिपोर्ट कुठाय?"

सखाहरीनं खुर्ची पुढं ओढली आणि बाह्या वर सारल्या.

"थांबा हं बाई," तो म्हणाला, "कंप्युटरला विचारून सांगतो."