हात जिथे थांबला

टेबलावरच्या वस्तू माणसांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. घरांचे नकाशे काढणाऱ्या भार्गवीबाईंचा हात आजारपणानंतर थरथरू लागला होता. एके दिवशी त्यांनी काचेच्या पाटीवर एक घर काढलं आणि पाटीला जोडलेल्या संगणकाला म्हणाल्या, "हे तुला कळलं नाही, तर मी हे काम सोडते."

फूटपट्टी हसली. "यात एकही रेघ सरळ नाही. कोळ्याचं जाळं बरं. पुसून टाका, बाई."

"थांब, पट्टीताई," संगणक म्हणाला. "रेघ वाकडी आहे, पण ती काढताना हात कसा चालला, तेही मी पाहिलंय. कोपरा आला की हात मंदावतो आणि मग वळतो. गोल काढताना तो असा मंदावत नाही. पुष्कळ माणसांचे हात बघून मी हे शिकलोय."

पडद्यावर एकेक खोली सरळ रेघांत उमटली. बाई बघतच राहिल्या.

"तुला सगळंच कळतं म्हणायचं," पट्टी पुटपुटली.

"नाही ना. मागच्या भिंतीपाशी हात थांबला, पण वळला नाही. बाई, इथे कोपरा आहे का? मला खात्री नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तिथे फणसाचं झाड आहे," त्या म्हणाल्या. "भिंतीसाठी ते तोडावं लागेल. माझं मन होत नव्हतं."

"मग झाड तोडून भिंत सरळच नेऊ का?"

"नको," म्हणत बाईंनी पुन्हा पेन उचललं आणि थरथरत्या हाताने झाडाला वळसा घालून भिंत काढली.