कामामागचा हात

चिंचखेडीच्या बायांनी तळ्याचा गाळ काढायला निधी मागितला, तेव्हा सभापती रंगरावांनी चक्क हात झटकले. मग बायांनीच उन्हाळाभर श्रमदान करून तळं उपसलं. पाण्यानं तळं भरलं, तसे रंगराव फेटा बांधून उद्घाटनाला हजर!

"या कामामागे माझाच हात आहे," ते माईकवर गरजले.

गाळाच्या टोपल्या वाहून मान मोडलेल्या सगुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून म्हणाली, "मग दाखवा की तो हात!"

रंगरावांनी हसतच हात उंचावला. मऊ, गुबगुबीत, अंगठ्यांनी भरलेला. सगुणाबाईनं मंचावर चढून घट्टे पडलेले आपले तळवे त्याच्याशेजारी धरले.

"खरं बोललात, साहेब! तुमचा हात कामाच्या मागंच होता. पुढं आला असता, तर त्यालाबी असेच घट्टे पडले असते!"