देवीची नथ आणि काळी विहीर

एका राज्यात एक राजा होता. त्याला एका मायावी जादूगाराने काळी विहीर दिली होती. चोर सापडला की विहिरीत टाकायचा. थोर असो की पोर, विहीर एकच! पोर आत जाई, आतल्या चोरांच्या विद्या शिके, आणि पांढऱ्या केसांचा पक्का चोर होऊन बाहेर येई. दर वेळी नगरातला एक दिवा विझे, तो पुन्हा लागत नसे. आता देवीपुढचा नंदादीप तेवढा उरला होता.

त्या नगरातल्या सगुणी नावाच्या पोरीने देवीची नथ उचलली. कशाला? तर घालून बघायला! पण नथ शापाची. पावलागणिक जड झाली, जात्याएवढी झाली. पोरीने घाबरून ती नदीत टाकली. शिपायांनी तिला धरले.

"दिवस मावळला की विहीर," राजा म्हणाला.

सगुणीची आई भागीरथी दरबारात आली. "महाराज, लेकराने नैवेद्य उष्टा केला, तर लेकरू टाकतात का?"

राजाची म्हातारी साळुंकी पिंजऱ्यातून बोलली, "महाराज, तुम्ही लहानपणी देवीचे मोदक पळवलेत, तेव्हा विहीर नव्हती म्हणून वाचलात!"

राजा ओशाळला. "मग उष्ट्या नैवेद्याचं काय करता, बाई?"

"आम्ही पुन्हा रांधतो, महाराज. त्याच लेकराला हाताशी घेऊन."

"ठीक. तीन कामे. नथ तिने नदीतून काढायची, चारचौघांत चूक सांगायची, देवीला स्वतः घालायची. दिवस मावळला, तर विहीर."

सगुणीने नदीत बुडी मारली. नथ हलेना. ऊन डोंगराला टेकले, देवळात नंदादीप फडफडू लागला.

"आई, उचलत नाही गं!"

भागीरथीने काठावरून देवीला हाक मारली, मग लेकीला म्हणाली, "मी इथंच आहे, बाळा. पण हात तुझाच लागायचा."

काठावर सारा गाव. सगुणी रडत ओरडली, "मीच घेतली! मला घालून बघायची होती!"

तोच नथ जाईच्या कळीसारखी हलकी झाली. सगुणी ओलेत्याने देवळाकडे धावली. आई मागे. नथीचा फासा देवीच्या नाकात बसेना. बाहेर किरण उरला एवढासा. अखेर फासा बसला.

नंदादीप ताठ उभा राहिला. मग घरोघरी दिवे लागले. ज्यांना विहिरीने म्हातारे केले, त्यांचे केस काळे झाले, "आई" म्हणत ती मुले आपापल्या दारी गेली. राजाने विहीर बुजवली, तिच्यावर तुळस लावली. पाणी घालायचे काम सगुणीला दिले.

देवी भागीरथीच्या हाकेला धावली, तशी चुकल्या लेकरांच्या प्रत्येक आईच्या हाकेला धावो.