डाव्या-उजव्याचा तंटा

कॅमेरे नुकतेच आपल्या आपन नजर लावाया शिकले व्हते, तवाची ही गोष्ट. तळ्यावर धुकं कापसावानी निजलं व्हतं. त्यात एकच रोहित पक्षी उभा. त्याच्या एका फोटूपायी लिंबाजी फोटूवाला तीन हिवाळे झुरत व्हता.

लिंबाजीच्या कॅमेऱ्याच्या पोटात डाव्या आन् उजव्या हे दोन भाऊ ऱ्हायचे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसलेल्या भिंगकाकाच्या एका कडंनं आलेला उजेड डाव्या बघायचा, दुसऱ्या कडंचा उजव्या. दोघांचं कधी जुळायचं न्हाई.

"काका, पक्षी हितं हाय," डाव्या म्हनला.

"आंधळ्या, तितं हाय," उजव्या म्हनला.

भिंगकाका पुढं पळाला, मागं पळाला. पक्षी धुरकटच. तेवढ्यात त्यानं पंख उचलले.

काकाचं डोस्कं फिरलं. "गप बसा रं गाढवांनो. खरा कोन ते मला नगं. तुमच्या दोघांत अंतर किती, तेवढं सांगा."

भावांनी पहिल्यांदाच एकमेकांकडं बघितलं. "चार केसांचं. आमचे पक्षी तेवढे आतल्या अंगाला सरकलेत," दोघं म्हनले.

काका मोजून तेवढाच सरकला. दोघांचे दोन पक्षी हळूहळू एकात मिसळले, पिसान् पीस उजळलं. लिंबाजीनं बटन दाबलं आन् पक्षी उडाला.

फोटू धुवून आला तवा लिंबाजीनं तो छातीशी धरला. कॅमेऱ्यात डाव्या-उजव्या मातर एका बगळ्यावरनं पुन्हा भांडाया लागले, आन् काका कान देऊन ऐकत बसला.