पेनल्टीच्या वेळचा जयजयकार

समोरचा पेनल्टी मारायला आला, की गोलमागं हलगी कडाडलीच पाहिजे, हा कोल्हापूरच्या मैदानाचा रिवाज. पण यंदा कॉलेजांची स्पर्धा भरवली चेअरमन दादासाहेब नेर्लेकरांनी, आणि फायनलला त्यांच्याच कॉलेजची टीम. त्यांनी फर्मान काढलं, "हलगी, शिट्टी, टीमच्या नावाची घोषणा बंद. मोडेल त्याची टीम बाद."

समोरच्या टीमच्या पाठीराख्यांची म्होरकी शिवलीला पोवार. तिनं हलगी मुकाट्यानं गेटवर जमा केली.

एक-एक बरोबरी. शेवटच्या मिनिटाला दादासाहेबांच्या टीमला पेनल्टी मिळाली. पोरगा बॉलकडं धावला, आणि गोलमागनं चारशे नरडी गरजली, "दादासाहेब नेर्लेकरांचा विजय असो!"

स्टेजवर दादासाहेब हात जोडून उठले. बॉल बारवरनं थेट रस्त्यावर गेला.

दादासाहेब तणतणत खाली आले. "बंद करा हे."

"टीमचं नाव कुणी घेतलंय का, दादासाहेब?" शिवलीलानं विचारलं.

"माझंही घ्यायचं नाही."

"बरं. मग तेवढं माइकवरनं सांगा, तुमचा जयजयकार कुणी करू नये म्हणून."

दादासाहेबांनी माइककडं बघितलं. त्यामागं त्यांचाच पंधरा फुटी फ्लेक्स हसत होता.

टायब्रेकरला त्यांचा पाच वेळा जयजयकार झाला. पाचही वेळा त्यांनी उठून हात जोडले, आणि सहाव्यांदा उठले ते शिवलीलाच्या कॉलेजला कप द्यायला.