विणकर, त्याची बायको आणि रिकामा रहाटपाळणा

कर्रर्र... मग थोडा वेळ काहीच नाही... मग पुन्हा कर्रर्र. लाकडी रहाटपाळणा फिरताना असा आवाज करतो. मी तो फार लहानपणी एका जत्रेत ऐकला, आणि पाळण्याच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या कुणीतरी तेव्हाच ही गोष्ट सांगितली. मुलांनो, आणि मोठ्यांनोही, ऐका.

फार जुन्या काळी एका राजानं आपल्या रयतेसाठी टेकडीवर बाग केली. बागेत उंच घसरगुंडी होती, झुलणारी होडी होती, सोंडेतून पाणी उडवणारे दगडी हत्ती होते. पण सगळ्यांचा जीव जडला तो रहाटपाळण्यावर. चार पाळणे होते आणि दोन गडी ते फिरवायचे. पाळणा माथ्यावर गेला की समोरच्या डोंगरापलीकडची गावं दिसायची.

लोक लोटले. रांगा लागल्या. मग राजाच्या कारभाऱ्यानं तांब्याचे बिल्ले काढले. बिल्ला घेणाऱ्याला बाजूच्या दारानं आधी सोडत. गर्दी जितकी जास्त, तितका बिल्ला महाग.

टेकडीच्या पायथ्याशी एक विणकर आणि त्याची बायको राहत होती. विणकर भला माणूस, पण सगळं कापड मनात विणून झाल्याशिवाय मागाला हात न लावणारा. बायकोचं माहेर डोंगरापलीकडे. दरड कोसळून घाटवाट बुजली, आणि तिचं माहेर तुटलं. पाळण्याच्या माथ्यावरून पलीकडचं तळं दिसतं, असं तिनं ऐकलं आणि ती हातातलं काम टाकून मागाजवळ आली.

"अहो, ते आमच्या गावचं तळं! त्याच्याच पायऱ्यांवरून मी पोहायला शिकले. एकदा मला वर न्या."

"नेतो की," विणकर म्हणाला. "पण नीट ठरवून जाऊ."

बागेचा रस्ता त्याच्या ओट्यापुढून जायचा. परतणाऱ्या माणसांना तो थांबवायचा.

"काय हो, रांग कुठवर होती?"

"वडापर्यंत."

"आणि बिल्ला?"

"विचारूच नका!"

मग विणकर घरात येऊन सांगायचा, "आत्ता नको." दिवाळीत गर्दी, म्हणून नको. सुगीनंतर लोकांच्या हातात पैसा, म्हणून गर्दी, म्हणून नको. उन्हाळ्यात रांग छोटी, पण तिला ऊन सोसायचं नाही, म्हणून नको. तिला रांगेत ताटकळत ठेवायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. तिच्यावर त्याचा फार जीव होता.

"तुमची रांग तर घरातच लागलीय," बायको हसून म्हणायची. "मी आपली उभी आहे तिच्यात."

अशी बरीच वर्षं गेली. दोघांचे केस पिकले. बायकोच्या डोळ्यांवर हळूहळू सारा येऊन धूसर दिसू लागलं. एका सकाळी तिनं दारातल्या गुंडाळलेल्या घोंगडीला कुत्रा समजून हाड हाड केलं. दोघंही पोट धरून हसली. मग विणकर हसायचा थांबला.

त्या दिवशी त्यानं मागाला हात लावला नाही. संध्याकाळी तो एकदम ओरडला, "पोळा! पोळ्याला जाऊ! सगळा मुलूख बैल धुण्यात गुंतलेला असतो. आपल्याकडे बैल नाहीत. रांग नाही, आणि बिल्लाही मातीमोल!"

पोळ्याच्या सकाळी दोघं टेकडी चढली. आभाळ स्वच्छ होतं. खरंच बागेत चिटपाखरू नव्हतं. तरी विणकरानं दोन बिल्ले घेतले, उगीच घोटाळा नको म्हणून.

"या आजोबा, या आजीबाई," पाळणेवाला म्हणाला. "आज कसं काय येणं केलंत?"

"ठरवून आलोय," विणकर ऐटीत म्हणाला.

दोघं पाळण्यात बसली. गड्यांनी जोर लावला. पाळणा हातभर उचलला आणि डुगडुगत खाली आला. पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच.

"जमायचं नाही," पाळणेवाला घाम पुसत म्हणाला. "बाकीच्या पाळण्यांत माणसं हवीत. समोर वजन असल्याशिवाय हा वर चढत नाही."

"मग समोर दगड ठेवा ना!"

"ठेवायचो. एकदा माथ्यावरून एक सुटला. माणूस दांडी घट्ट धरून बसतं, आजोबा. दगड काही धरत नाही."

"मग लोक कधी येतील?"

"आज? बैल मिरवून झाल्यावर. तोवर अंधार पडेल. उद्या या की. उद्या मात्र रांग असेल हां."

विणकरानं बायकोकडे पाहिलं. ती डोंगराच्या दिशेला तोंड करून, डोळे बारीक करून बसली होती. उद्यावर ढकलायचा त्याला धीर झाला नाही. तो टेकडी उतरला आणि जवळच्या वस्तीत शिरला. लोक बैलांच्या शिंगांना रंग लावत होते.

"चला हो बागेत! रांग नाही, गर्दी नाही!"

"गर्दी नाही, तर तुम्ही तिथं मजा करायची सोडून इथं कशाला आलात?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

"गर्दी न्यायला आलोय," विणकर म्हणाला.

सगळी वस्ती खो खो हसली. पण विणकराचा चेहरा पाहून शेतकऱ्याच्या म्हातारीनं विचारलं, "काय झालं, भाऊ?" विणकरानं सगळं सांगितलं. म्हातारीनं हातातला रंग खाली ठेवला. "बैल सांजेला मिरवायचेत. तोवर जाऊन येऊ. चला रे!"

रंगाच्या हातांनीच माणसं निघाली. त्यांना पाहून दुसरी वस्ती निघाली. बिल्लेवाले म्हणून विणकर आणि त्याची बायको आधी बसली. बिल्ल्यांनी त्यांना काय मिळालं? सगळ्यांच्या आधी बसून सगळ्यांची वाट बघायला मिळाली. त्यांच्याच पाळण्यात, समोरच्या फळीवर, कडेवर तान्हं घेतलेली एक तरुण बाई बसली.

पाळणा चढला. माथ्यावर पोचला. विणकरानं खाली पाहिलं आणि डोळे गच्च मिटले. इतकी वर्षं त्यानं सगळा विचार केला होता, फक्त आपल्याला उंचीची भीती वाटेल हा केला नव्हता.

"अहो, मला नुसतं पांढरं दिसतंय," बायको म्हणाली. "तळं दिसतंय का?"

विणकराला डोळे उघडवेनात.

"मी सांगू का, आजी?" समोरची बाई म्हणाली. "तळं आहे. चांगलं भरलंय."

पाळणा खाली आला. पुन्हा वर गेला.

"पायऱ्या आहेत का?"

"आहेत. बैल धुतायत तिथं."

"आणि डाव्या अंगाला, चिंचेखाली, कौलारू घर?"

"थांबा, पुढच्या खेपेला बघते."

पाळणा खाली आला. पाळणा वर गेला.

"घर आहे, आजी. अंगणात कुणीतरी रांगोळी काढतंय."

बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "वहिनी असेल," ती म्हणाली. "ती रांगोळी काढायला नेहमी दुपार करते."

पाळणा थांबला. ती बाई बाळाला घेऊन आपल्या माणसांत गेली. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि विणकराचा हात हातात घेतला.

"पहिल्या वर्षीच आलो असतो ना, तर मीच तुम्हाला दाखवलं असतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. म्हणूनच विणकराला ते फार लागलं.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. तोवर गावोगावची माणसं येऊन रांग वडाच्याही पुढे, पार विहिरीपर्यंत गेली होती. विणकरानं रांगेकडे पाहिलं आणि सवयीनं बोलू लागला, "तरी मी काय म्हणतो, आणखी एक खेप करायची तर पुढच्या पोळ्याला. आपण आधीच दोन वस्त्यांना सांगून ठेवू, म्हणजे..."

बायको त्याच्याकडे पाहून हसली. मग त्याचा हात सोडून चाचपत चाचपत विहिरीकडे चालू लागली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

आपल्या माणसाला सुख द्यायचं तर गर्दी ओसरायची वाट पाहू नये. गर्दीच्या आधी त्याचे दिवस ओसरतात.