दोन शाळांना दोन फोन
एका संस्थेच्या दोन शाळा होत्या. पहिलीचे मुख्याध्यापक रणदिवे सर नुसते खाकरले तरी तिसऱ्या मजल्यावरचे वर्ग गप्प होत. दुसरीच्या मुख्याध्यापिका शालनबाई खोपकर मात्र शिक्षकांच्या घोळक्यात हसत-खिदळत बसायच्या. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांना हे मुळीच खपत नसे. एके दुपारी त्यांनी दोघांनाही बंगल्यावर बोलावलं.

"बाई, तुमचा शाळेवर वचकच नाही," तात्यासाहेब म्हणाले. "सोमवारपासून तुमचीही शाळा रणदिवेच बघतील."

शालनबाई शांतपणे म्हणाल्या, "चालेल. फक्त दोन्ही शाळांना फोन करून सांगा, की मुख्याध्यापक आज परत येणार नाहीत."

तात्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवत स्पीकर चालू केला. रणदिवे सरांच्या शाळेत शिपायाने निरोप सांगितला मात्र, असा जल्लोष उसळला की तात्यासाहेबांचा चहा बशीत सांडला. कुणी बाक वाजवत होतं, कुणी भेळ मागवत होतं, आणि भेळ मागवणारा आवाज चक्क उपमुख्याध्यापकांचा होता. रणदिवे सर छताकडे पाहू लागले.

मग शालनबाईंच्या शाळेत फोन लागला. कारकून म्हणाला, "बरं. सगळे वर्गावर आहेत, तास संपला की सांगतो."

"बघा," तात्यासाहेब हरखले, "तुम्ही नाही म्हणून तिथे कुणाचं काही अडत नाही."

"तेच तर म्हणते," शालनबाई म्हणाल्या. "सरांनी सुटी घेतली की अख्ख्या शाळेला सुटी मिळते. मी घेतली की फक्त मला मिळते."

तात्यासाहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शालनबाईंची शाळा शालनबाईंकडेच राहिली.